नट घट्ट होता

आमच्या घरी मोटार होती असं सांगितलं की माझी नातवंडं डोळे मोठे करतात. त्यांना वाटतं, पणजोबा कोणी बडे साहेब असतील. साहेब कसले! माझे वडील कापसाचे दलाल होते, आणि ती मोटार म्हणजे एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी कंटाळून काढून टाकलेलं काळं इंग्रजी धूड होतं. थंडीत हँडल मारल्याशिवाय ती उठायची नाही, उन्हाळ्यात भातकुलीच्या रस्त्यावर मध्येच बसायची, आणि एकदा बसली की कोणाच्या बापाला ऐकायची नाही. आई तिला म्हैस म्हणायची. पुढे आम्ही सगळेच म्हणायला लागलो. म्हैस राहायचीही गोठ्यातच. घरामागे बैलांचा जुना गोठा होता. बैल भातकुलीच्या शेतावर गेले आणि त्यांच्या जागी ही आली. बाबांनी तिथे जमिनीत एक लांबट खड्डा खणून घेतला होता, म्हणजे तिच्या पोटाखाली उभं राहून काम करता यावं. "आमची पोट्टी चुलीपाशी कमी अन त्या खड्ड्यात जास्त राह्यते," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तक्रार म्हणूनच सांगायची, पण सांगताना तिचा आवाज जरा चढायचा, आणि तो चढलेला आवाज मला फार आवडायचा.

हंगामात आमचं अमरावतीचं घर सगळं कापसाचं असे. उजाडायच्या आत जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा भोंगा, मग बाजाराकडे निघालेल्या गाड्यांच्या चाकांची कुरकुर, ओसरीवर शेतकऱ्यांचं खोकणं, बिड्यांचा धूर, आणि आत आईचं भाकऱ्या थापणं. नांदगावकडून आलेला माणूस उपाशी जाऊ नये असा बाबांचा हुकूम होता. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलाची धार आणि ठेचा. तो ठेचा खाऊन पुण्याकडचा एक व्यापारी रडला होता, ते आई पुढे कितीतरी वर्षं रंगवून सांगायची. कापसाचे तंतू घरात सगळीकडे उडत. पाण्याच्या माठावर, देवाच्या फोटोवर, आमच्या केसांत. ताई दिवसातून तीनदा वेणी झाडायची. मी नाही झाडायची.

बाबांचा सगळा धंदा शब्दावर चाले. आता तो प्रकार पाहायला मिळत नाही, म्हणून सांगते. भाव ठरवताना घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, हातांवर एक रुमाल टाकत, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून बोलणी करत. तोंडाने मात्र पोराबाळांची विचारपूस, ऊनपावसाच्या गोष्टी. भोवती बसलेल्यांना काही कळत नसे. हात रुमालाबाहेर आला की भाव ठरला. मग आभाळ कोसळलं तरी त्यात बदल नाही. "आपला हात एकदा भाईर आला का आला," असं बाबा म्हणत, आणि बाजारात त्यांना मान होता तो यासाठीच. मलाही त्यांचा त्यासाठीच अभिमान होता. माझे बाबा बोलले म्हणजे बोलले, असं मी शाळेत मैत्रिणींना ऐकवायची.

त्यांच्या उजव्या मनगटावर एकदा कापसाची गाठ, म्हणजे दाबून बांधलेला भलामोठा गठ्ठा पडला होता. हाड जुळलं, पण मनगट वळेना. लिहिता येई, जेवता येई, मोटार चालवता येई, पाना मात्र फिरवता येत नसे. म्हणून पाना माझ्या हातात आला. ताईला ग्रीसच्या वासानेच मळमळायचं. आम्हाला भाऊ नव्हता. आधी बाबा म्हणत, "इमल, पाना दे." मग म्हणू लागले, "इमल, धर अन फिरव." माझं नाव विमल, पण बाबांच्या तोंडी ते कधी आलंच नाही. मॅट्रिकच्या वर्षापर्यंत ते खड्ड्याच्या काठावर खाट टाकून पडत आणि खाली मी एकटी असे. ब्रेक बसवणं, पट्टा बदलणं, तेल बदलणं सगळं मी करी. कोणी व्यापारी आला की ते मला मुद्दाम खड्ड्यातून वर बोलवत. काळे हात, काळं नाक. "हे पाह्य माहे हात," म्हणत आणि माझ्याकडे बोट दाखवत. तेव्हा मला जे वाटायचं ते मी पुढे कुठल्याही सत्कारात अनुभवलं नाही, आणि निवृत्तीच्या वेळी माझा चांगला हारतुऱ्यांचा सत्कार झाला होता.

मॅट्रिकनंतर मला पॉलिटेक्निकला घालायचं हेही त्यांच्याच तोंडून निघालेलं. आई घाबरली होती. मुली तिथे जवळजवळ नव्हत्याच. मुलीचं नाव घालायचं तर वडीलधाऱ्या माणसाने स्वतः येऊन मोठ्या साहेबांसमोर उभं राहावं, असं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "मंग त्यात काय? मी सोता येतो. मोटारीत बसवून नेतो माह्या पोरीले." त्या एका वाक्यावर मी मॅट्रिकचा सगळा अभ्यास केला.

ताईचं लग्न त्याच्या आदल्याच वर्षी झालं होतं. भाऊजी अकोल्याला शाळामास्तर होते आणि घरची शेती बार्शीटाकळीकडे. माणूस साधा, हसरा, जरा धांदरट. पण ते आमच्या घरचे पहिले जावई. जावई म्हणजे काय असतं ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. ते ओसरीवर आले की बाबा खाटेवरून उठून उभे राहत. त्यांच्या पानात मीठ कमी पडलं तर ते सांगणार नाहीत म्हणून आई दाराआडून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसे. त्यांच्यासमोर कोणी मोठ्याने शिंकायचं नाही. एकदा त्यांनी पाय धुताना तांब्या पाडला आणि त्याला पोचा आला, तर बाबा त्या तांब्यालाच बोलले. आम्ही दोघी बहिणी तेव्हा तोंडाला पदर लावून हसलो होतो. पण त्या हसण्यात मला एक गोष्ट समजली नाही. जावयाचा दोष असा हवेत विरून जात नाही, तो कोणातरी दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. त्या दिवशी तो तांब्याच्या गळ्यात पडला.

माझी परीक्षा झाल्यावर, उन्हं चांगली तापलेली असताना, भाऊजींनी मोटार मागितली. बार्शीटाकळीला त्यांच्या नात्यात लग्न होतं. ताईला घेऊन जायचं, चार ठिकाणी मिरवायचं, अशी त्यांची हौस. जावई मागतो म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. जाण्याआधी बाबांनी मला गिअरबॉक्सचं तेल बदलायला सांगितलं. इथे थोडी यंत्राची माहिती द्यावी लागेल, पण ती भाकरीच्या परातीइतकीच सोपी आहे. गिअरबॉक्स म्हणजे दात्यांच्या चाकांनी भरलेली लोखंडी पेटी. तिच्या तळाला पत्र्याचं एक झाकण असतं, कडेने छोट्या बोल्टांनी आवळलेलं, आणि पेटी व झाकण यांच्यामध्ये जाड कागदाची पट्टी, म्हणजे पॅकिंग, की तेल बाहेर येऊ नये. झाकणाच्या मध्यभागी, सगळ्यात खाली, तेल काढायचा नट. मी तो नट काढला, जुनं तेल पाटीत सोडलं, नट परत आवळला, नवीन तेल भरलं. आवळला म्हणजे असा आवळला की माझ्या तळहाताला पान्याचा वळ आला.

मोटार परत आली, भाऊजींनी बाबांशी ओसरीवर बसून काही बोलणं केलं, ताईने आईजवळ लग्नातल्या साड्यांचं वर्णन केलं, आणि दोघं बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतराव आले. हे भाऊजींचे मामा आणि ताईचं लग्न जुळवणारे मध्यस्थ, म्हणून त्यांचा मान जावयाच्या खालोखाल. ते गोठ्याशी थुंकायला गेले आणि तिथूनच ओरडले, "अहो, मोटारीखाली तं तेलाचं तळं झालं! आमच्या भाच्यानं कुठी आपटली का काय?" बाबा तिथे पोचायच्या आत मी पोचले होते. खड्ड्याच्या तळाशी तेल साचलं होतं, आणि नटाच्या टोकाला एक काळा थेंब लोंबत होता. तो पडला, दुसरा आला. बाबांनी एकदा थेंबाकडे पाहिलं, एकदा गणपतरावांकडे. मग म्हणाले, "नाही नाही, जवाईबापूनं काय करायचं? आमच्या पोट्टीनं तेल बदललं अन नट ढिला ठेवला. पोरीच्या जातीच्या हाती पाना देल्ला, माहीच चुकी."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

आज लिहिताना सगळ्यात जास्त राग कशाचा येतो तर याचा, की मी ते खरं मानलं. बाबा म्हणतात म्हणजे राहिला असेल ढिला. मी खड्ड्यात उतरून पाना लावला. नट तसूभरही फिरला नाही. तरी मला वाटलं, माझंच चुकलं असेल, आटे गेले असतील, आवळताना तिरपा बसला असेल. रात्री जेवण गेलं नाही. आईने रस केला होता, शेवया केल्या होत्या, मी वाटी पुढे सरकवली. बाबांनी चार दिवस माझ्याशी सरळ बोलणंच टाकलं. बाजारात मात्र ते बोलले. तिथे ती गंमतीची गोष्ट झाली. दलालाच्या पोरीने नट ढिला ठेवला. येणारा प्रत्येक जण ओसरीवर मला विचारू लागला, "काहून वं, इंजनेर, भाजीत मीठ तं टाकलं ना?" बाबाही हसत. मग एक दिवस मी विचारलं की निकालानंतर पॉलिटेक्निकला कधी जायचं. ते पान लावत होते. वर न बघता म्हणाले, "एक नट आवळता येत नाही, अन कारखान्यात काय दिवे लावशीन? राहू दे ते. अन मोटारीले हात लावू नको आता."

हात लावू नको म्हटल्यावर मी लावला. हा माझा स्वभाव होता आणि आहे. माझ्या सुनांना विचारा. बाबा दुपारी बाजारात जात तेव्हा घर झोपलेलं असे, ऊन पत्र्यावर टकटक वाजे, आणि मी खड्ड्यात उतरे. तेल कुठूनही गळो, ते उताराने सगळ्यात खालच्या जागी येतं आणि तिथे थेंब धरतं. ही गोष्ट मला बाबांनीच शिकवली होती, गळक्या कौलांवरून. पाणी टपकतं एका जागी, कौल फुटलेलं असतं दुसऱ्याच. म्हणजे नटावरचा थेंब नटाचाच असला पाहिजे असं नाही. मी रॉकेलच्या चिंध्यांनी गिअरबॉक्सचा तळ घासून घासून कोरडा केला. मग आईकडे रांगोळी मागितली.

"आता रांगोळी कायले?" आईने विचारलं.

"म्हशीच्या पोटावर टाकतो."

आई हसली नाही. पण तिने शिंकाळ्यावरून डबा काढला, रांगोळीची पूड वस्त्रगाळ करून दिली आणि म्हणाली, "तुह्या बाबाच्या डोक्यात आहे काय, मले समजत नाही. लवकर कर." मी पूड तळहातावर घेऊन फुंकली. सगळा तळ पांढरा झाला. मग इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं, बंद केलं, आणि खाली आडवी पडून कंदिलाच्या उजेडात बघत राहिले. नट पांढराच. नटाभोवतीचं झाकण पांढरंच. मग मागच्या अंगाला, जिथे सहजी नजर जात नाही, तिथे झाकणाच्या कडेवर पूड काळी पडायला लागली. तिथून एक ओघळ निघाला आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली उतरत, झाकणाच्या पोटावरून सरकत नटापर्यंत आला. तिथे त्याने थेंब धरला. मला इतका आनंद झाला की मी खड्ड्यात एकटीच ओरडले. नट घट्ट होता. माझा नट घट्ट होता!

मग त्या जागेवर बोट फिरवलं. झाकणाची कड तिथे आत दबली होती. खालून काहीतरी टणक लागलं असणार. दबल्यामुळे कागदाचं पॅकिंग फाटलं होतं आणि फट पडली होती. आणि त्या फटीत कोणीतरी काही चोंदलं होतं. नखाने टोकरलं तर मऊ, पांढरट गोळी निघाली. साबण. रस्त्यात टाकी गळाली की ड्रायव्हर लोक साबण चोंदतात, हे मला माहीत होतं. मला वाटलं, भाऊजींनी वाटेत चोंदला असेल. नाकाशी नेला. तेलाच्या वासाखाली दुसरा एक वास होता, आणि तो मी जन्मापासून ओळखत होते. लहानपणी रोज सकाळी बाबा दाढी करत तेव्हा मी त्यांच्या मांडीशी बसे, ते ब्रशने माझ्या नाकाला फेसाचा ठिपका लावत. त्या दाढीच्या साबणाचा वास होता तो. तो साबण घरात फक्त बाबांच्या पेटीत असे, आणि ती पेटी प्रवासाला कधी गेली नव्हती.

म्हणजे गणपतराव ओरडायच्या आधीच बाबांना माहीत होतं. आदल्या संध्याकाळी ते स्वतः खड्ड्यात उतरले होते, आपल्या त्या न वळणाऱ्या मनगटाने फट चोंदली होती, आणि सकाळी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं होतं. मी तशीच वर आले आणि ती गोळी आईच्या हातावर ठेवली. तिने वास घेतला. तिला समजायला जेवढा वेळ लागला तेवढा लागला. मग तिने ती चुलीतल्या राखेत टाकली आणि हात पुसला. "बाबाले इचारजो नको," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "काहून?" ती म्हणाली, "जवाई आहे तो." आणि डाळ निवडायला बसली. जणू त्यात सगळं आलं. त्यात सगळं होतंच, पण ते मला अजून कळायचं होतं.

मी बाबांना विचारलं नाही, पण झाकण मात्र काढलं. तेल पाटीत उतरवलं, एकेक बोल्ट सोडवला, झाकण धुण्याच्या दगडावर पालथं ठेवून लाकडी मोगरीने ठोकून कड सरळ केली. एका बाजूला डोळा लावून बघायचं, ठोकायचं, पुन्हा बघायचं. पॅकिंगसाठी कापसाच्या नमुन्यांच्या पुड्यांचा जाड कागद घेतला. तो पेटीच्या कडेवर धरायचा आणि हातोडीच्या गोल टोकाने कडेकडेने हलके ठोकत जायचं, म्हणजे लोखंडाच्या धारेवर कागद आपोआप कापला जातो. बोल्टांची भोकंही तशीच पडतात. कात्रीने इतकं नेमकं कापता येत नाही. सुताराकडून चपडा लाख आणली, स्पिरिटमध्ये विरघळवून कागदाला दोन्ही बाजूंनी लावली, झाकण बसवलं आणि समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळत आणले. एकच बोल्ट पुरता आवळून मग दुसऱ्याकडे गेलं की झाकण वाकडं बसतं. हे काम मला आजही हातात आणून दिलं तर येईल. डोळ्यांनी दिसणार नाही, पण येईल.

तोवर निकालही लागला होता आणि मी पास झाले होते. शेवटचे बोल्ट राहिले होते त्या सकाळी ताई आणि भाऊजी आले. ते धोंड्याच्या महिन्याचं जेवण होतं; त्या महिन्यात जावयाला बोलावून अनारशांचं वाण देतात. आई आदल्या दिवसापासून तुपाच्या वासात होती. गणपतरावांनाही बोलावणं होतं. मी खड्ड्यात होते. वरून एक धोतराचा काठ दिसला आणि मग भाऊजींचं तोंड दिसलं, उलटं.

"तेल गळून राह्यलं का वं?" त्यांनी विचारलं. "लय मोठा दगड होता वं. गाडीवाटेनं घातली मी, उतारात दिसलाच नाही. तुही ताई किंचाळली तवा समजलं. मी तं मामाजीले त्याच दिवशी सांगितलं, का मिस्त्रीले दाखवा, मी करून देतो म्हणून. ते म्हणे, काही नाही झालं, तुमी मनाले लावून घेऊ नका."

मी पाना खाली ठेवला. मामाजी म्हणजे बाबा; आमच्याकडे जावई सासऱ्याला तसंच म्हणतो. म्हणजे त्यांनी लपवलं नव्हतं. त्यांनी कोणाला काही मागितलंही नव्हतं. जो मान राखण्यासाठी बाबांनी माझं नाव पुढे केलं तो मान त्या बिचाऱ्याने मागितलेलाच नव्हता. मी विचारलं, "भाऊजी, तुमाले माहीत आहे का, बाबानं बाजारात काय सांगितलं?" त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यांचं तोंड बारीक झालं. ते तसेच घराकडे वळले.

जेवायला पाट मांडले होते. पुरणाचे धोंडे, आमरस, कुरडया, भज्यांचा ढीग. मी तूप वाढत होते. भाऊजींनी घास घेण्याआधीच बोलायला सुरुवात केली, घाबरत पण मोठ्याने. "मामाजी, विमलनं मोटार नीट केली बरं. तिचा नट घट्टच होता. माह्या हातून दगड लागला होता, तुमाले सांगितलं होतं मी." गणपतरावांनी मान वर केली. "पण तुमी तं म्हणत होते, पोरीनं नट ढिला..." सगळे बाबांकडे बघायला लागले. मी तुपाची लोटी धरून उभी होते. मला वाटलं, आता बाबा म्हणतील. एक वाक्य. मला तेवढंच हवं होतं.

बाबा हसले. अगदी मोकळं, बाजारातलं हसू. "अहो, तवा तुमच्यासमोर जवाईचं नाव घ्याव का म्या? घरची पोर आहे, तिच्या नावानं सारं खपून जाते." गणपतराव खदखदून हसले. आई दाराशी हसली, सुटल्यासारखी. ताईही हसली. सगळ्यांना वाटलं, बरं झालं, गोडीत मिटलं. फक्त भाऊजी हसले नाहीत, आणि मी.

मी तिथेच म्हणाले, "मंग बाबा, पॉलिटेक्निकले चालता ना? नाव घालाले आता दोनच दिवस राह्यले."

हसणं थांबलं. बाबांनी धोंड्याचा तुकडा रसात बुडवला. "ते झालं आता, इमल. बाजारात सगळ्याईले सांगून झालं. आता तुले घेऊन गेलो तं लोक म्हणतीन, कालच तं हा म्हणे पोरीले नट येत नाही, अन आज तिले इंजनेर करून राह्यला. माहा हात भाईर आलेला आहे."

"पण ते खोटं होतं, बाबा."

"खोटं असन," बाबा म्हणाले. "पण मी बोललो ना." आणि त्यांनी आईला जावयांना रस वाढायची खूण केली.

ते खोटं आहे हे त्या पंगतीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं, आणि तरी ते ठरलेलं होतं. मी इतकी वर्षं गणित शिकवलं, फळ्यावर चूक सापडली की उत्तर बदलतं असं मुलींना सांगितलं. सांगताना दर वेळी आतून कुठेतरी वाटायचं, सगळीकडे असं नसतं गं पोरींनो. बाबा वाईट नव्हते. माझ्या लग्नात ते लहान मुलासारखे रडले. म्हातारपणी मी त्यांची नखं कापली, त्यांना आंघोळ घातली, आणि ते गेले तेव्हा चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पण त्या वाक्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही. लोक म्हणतात, वय झालं की सगळं निवळतं. माझं नाही निवळलं. आणि का निवळावं?

जेवणं झाल्यावर भाऊजी मला मागच्या अंगणात शोधत आले. ताई तिथेच ओट्यावर सुपारी कातरत बसली होती. ते म्हणाले, "विमल, मी येतो तुह्यासंग. वडीलधारा माणूस पाह्यजे ना? मी मोठा जवाई आहे घरचा. साहेबासमोर उभा राह्यतो. उद्या सकाळीच जाऊ."

मला रडू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी ताईकडे पाहिलं. ही माझी ताई, जिने लग्नाच्या आदल्या रात्री माझ्या कुशीत तोंड खुपसून सांगितलं होतं की या घरात तू आहेस म्हणून मला जाताना धीर वाटतो. ती मोटारीत होती. तिने तो दगड पाहिला होता. बाजारातली ती गंमत अकोल्यापर्यंत पोचली होती हे मला नंतर कळलं. भाऊजींच्या कानांपर्यंत नसेल, तिच्या कानांपर्यंत पोचली होती. ती तेव्हाही गप्प होती.

तिचा अडकित्ता थांबला. "तुमी कुठी जाणार नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"अवं, पण चूक माही आहे."

"असू द्या. बाबाच्या मनाविरुद्ध तुमी पाऊल टाकलं का बाबा तुमाले काही म्हणणार नाही. मलेच म्हणतीन. अन मग हे दार मले बंद." मग तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, तेही सांगते, खोटं कशाला. "इमल, तुह्यं काय, तू हुशार आहेस, काही ना काही शिकशीनच. पण माहं माहेर तुटलं तं मी कोठी जाऊ? तुह्यं लग्न झालं का समजीन तुले."

भाऊजी आत गेले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी त्या दोघांना मोटारीतून बडनेऱ्याला सोडलं. खड्ड्यात तेलाचा एक थेंबही पडला नव्हता. ताईने खिडकीतून हात केला. पॉलिटेक्निकचा दिवस आला आणि गेला. मी त्या दिवशी आईबरोबर सांडगे घातले. पुढे मी कॉलेजात गेले, गणित घेतलं, शाळेत लागले, माझंही लग्न झालं. ताईचं म्हणणं खरं ठरलं नाही. लग्नानंतरही मला ते समजलं नाही. सासरच्या बायका पहिल्याच दिवशी विचारतात तसं मला विचारलं, "माहेर कुठलं गं तुझं?" मी म्हणाले, "अमरावती." त्या म्हणाल्या, "घर कुठं?" त्या घराला माझं म्हणवेना, म्हणून मी गावाचंच नाव पुन्हा सांगितलं.